मेंदूचा मुका मार: स्कॅनला काय दिसतं आणि काय दिसत नाही



मार्च १९६२. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेला आपला संघ बार्बाडोसविरुद्ध खेळत होता. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. हेल्मेट त्या काळी कुणीच घालत नसे. कवटी फुटली, आत रक्त साचू लागलं आणि तातडीने डोकं उघडण्यावाचून इलाज उरला नाही. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर पुढे आले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. नंतर वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. ती २०२२ साली मुंबईत काढली, म्हणजे तब्बल साठ वर्षं ते ती पट्टी डोक्यात घेऊन वावरले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हा खेळता आला नाही.

ही हकिगत क्रिकेटची म्हणून आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक असेल. माझा जन्म क्ष-किरणांच्या फिल्म बघण्यात गेला, त्यामुळे मला त्यात वेगळाच प्रश्न पडतो. डोक्याच्या आत काय चाललंय हे त्या सर्जनना कळलं कसं? १९६२ साली जगातल्या कुठल्याही रुग्णालयात जिवंत माणसाचा मेंदू दाखवणारं यंत्र नव्हतं.

होतं काय, तर साधा एक्स-रे. रॉन्टगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, पण त्यांत हाड दिसतं, मेंदू नाही. कवटीला तडा गेलाय एवढं कळायचं. कवटी शाबूत असून आत रक्त साचू शकतं, आणि कवटी तडकूनही मेंदू सुखरूप राहू शकतो. मग डॉक्टरांनी आडवाटा शोधल्या. मेंदूच्या मधोमध पीनियल नावाची ग्रंथी असते. बऱ्याच प्रौढ माणसांत तिच्यात कॅल्शियम साचतं आणि एक्स-रेवर तो बारीक पांढरा ठिपका दिसतो. ठिपका मधोमध नसेल, तर कुठल्या तरी बाजूने दाब आहे असं समजायचं. बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून फोटो काढले. लिस्बनला एगास मोनिझ यांनी १९२७ साली मानेतल्या रोहिणीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. या वाहिन्या हाडापासून आत ढकललेल्या दिसल्या, की मधल्या रिकाम्या जागेत रक्त आहे असा तर्क करायचा. रुग्ण तर्काला वेळ देईना, तेव्हा सरळ कवटीला भोक पाडून बघायचं. एका बाजूला काही मिळालं नाही, तर दुसऱ्या बाजूला.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने सगळी उमेदीची वर्षं याच काळात काढली. खिशात टॉर्च असायचा. डोळ्याच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, हाक मारल्यावर डोळे उघडतो का, चिमटा काढल्यावर हात झटकतो का, आणि तासाभरापूर्वी उघडत होता ते डोळे आता उघडतो का, एवढ्यावर निदान चालायचं. ते मागासलेलं होतं असं कुणी समजू नये. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली हीच तपासणी मोजपट्टीत बसवली, पुढे ती तीन ते पंधरा गुणांची झाली, आणि आज अत्याधुनिक रुग्णालयातही डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची पहिली नोंद त्याच गुणांची असते. स्कॅनचा नंबर त्यानंतर लागतो.

हे स्कॅनचं यंत्र आलं मात्र अनपेक्षित ठिकाणाहून. ईएमआय ही इंग्लंडची ग्रामोफोन रेकॉर्डची कंपनी. तिच्याकडे गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, फक्त पदविका होती. त्यांचा विचार असा: एकाच दिशेने फोटो काढला, तर पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. पण डोक्याच्या एकाच पातळ कापात चहूबाजूंनी किरण सोडले आणि पलीकडे किती पोहोचले ते मोजलं, तर आतल्या प्रत्येक बिंदूने किती किरण अडवले ते गणिताने काढता येईल. हे गणित ॲलन कॉरमॅक या दक्षिण आफ्रिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आधीच स्वतंत्रपणे मांडलं होतं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. दोघांना १९७९ सालचं नोबेल एकत्र मिळालं. बीटल्सच्या रेकॉर्ड विकून आलेल्या पैशांतून सीटी स्कॅन जन्माला आला, असं मोठ्या आवडीने सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने यात बराच पैसा घातला होता, ते कुणी सांगत नाही. सरकारी खात्याची गोष्ट सांगण्यात मजा नसते, एवढंच त्याचं कारण असावं.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. सोबत होते रेडिऑलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोज. रुग्ण एक बाई होत्या. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता, आणि ती दिसली. चित्र अवघ्या ८० गुणिले ८० चौकटींचं होतं. एकेका कापाला कित्येक मिनिटं लागत. आज अख्खं डोकं काही सेकंदांत होतं.

हाउन्सफील्ड यांच्या नावाने आम्ही जी मापं घेतो, त्यांत पाणी शून्य, हवा उणे हजार, आणि कवटीचं घट्ट हाड हजाराच्या आसपास. मेंदूचं माप साधारण तीस ते चाळीस. नुकत्याच गोठलेल्या रक्ताचं साठ ते ऐंशी. इतक्या लांबलचक मोजपट्टीवर मेंदू आणि रक्त यांच्यात अंतर किती, तर तीस-चाळीस. त्या तीस-चाळीस आकड्यांवर गेल्या पन्नास वर्षांत लाखो जीव वाचले. ताजं रक्त स्कॅनवर पांढरं दिसतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा आम्ही आधी सीटी का करतो आणि एमआरआय का नाही, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. सीटीत रक्त आणि हाड झटकन दिसतं. गोळ्यासारखा पडून असलेला, नळ्या लावलेला रुग्ण दोन मिनिटांत आत घालून बाहेर काढता येतो. एमआरआयला अर्धा तास लागतो, आणि त्याच्या चुंबकाजवळ लोखंडी सामान नेता येत नाही.

रक्त साचतं कुठे, त्यावर सगळं ठरतं. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. हाड तडकलं की ती फाटते, आणि मेंदूचं जाड बाह्य आवरण हाडापासून सुटत जाऊन मधे रक्त भरतं. आवरण काही ठिकाणी हाडाला घट्ट चिकटलेलं असल्याने रक्त पसरत नाही, फुगतं. स्कॅनवर दोन्हीकडे फुगीर भिंगाचा आकार दिसतो. या दुखापतीचं कपट असं, की खाली पडून क्षणभर बेशुद्ध झालेला माणूस उठून बसतो, चहा मागतो, ‘काही नाही हो’ म्हणतो. रक्त मात्र भरत असतं. मार्च २००९मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. हसत-बोलत होत्या, आलेली पहिली रुग्णवाहिका परत पाठवली. काही तासांत डोकं दुखू लागलं, आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. शवविच्छेदनात हाच रक्तस्राव निघाला. वेळेत सापडला, तर डोक्याच्या सगळ्या गंभीर दुखापतींमध्ये सर्वांत चांगला बरा होणारा रुग्ण हाच असतो, म्हणून ही मृत्यूची बातमी आम्हाला जास्त लागते. असं रक्त तीस मिलिलिटरच्या वर, म्हणजे चहाच्या सहा चमच्यांच्या वर असेल, तर रुग्ण बोलत असला तरी शस्त्रक्रिया करावी, असा जगभर मान्य झालेला संकेत आहे.

आवरणाच्या आतल्या बाजूला शिरा फाटल्या, तर रक्त मेंदूवर पातळ पसरतं आणि चंद्रकोरीसारखं दिसतं. यात मेंदूलाही बहुधा मार असतो, त्यामुळे दशा वाईट. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सीलिग आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली अशा ८२ रुग्णांचा हिशेब मांडला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांतले ३० टक्के दगावले, उशीर झालेल्यांतले ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका टोकाचा निघाला नाही, पण घाई करावी याबद्दल वाद राहिला नाही.

याच रक्ताचा म्हातारपणीचा प्रकार मात्र संथ असतो. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, शिरा ताणल्या जातात. आजोबा मोरीत घसरले, टेंगूळ आलं, हळद लावली, विसरले. तीन-चार आठवड्यांनी ते अडखळत चालू लागतात, तारखा विसरतात, आणि घरचे म्हणतात, वय झालं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी. एक-दोन आठवड्यांनंतर हे रक्त पांढरं राहत नाही, मेंदूच्याच करड्या रंगाचं होतं आणि घाईत बघणाऱ्याला चकवतं. पुढे ते काळं दिसू लागतं. वयस्कर माणसाची बुद्धी अचानक मंदावली, तर त्याला म्हातारचळ ठरवण्याआधी एकदा स्कॅन करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण यातले पुष्कळ जण एका छोट्या भोकातून रक्त काढल्यावर पुन्हा नेहमीसारखे पेपर वाचायला लागतात.

आता माझ्या धंद्यातली एक तक्रार. आजकाल तालुक्याच्या गावाहून स्कॅन व्हॉट्सॲपवर येतो. फिल्म खिडकीला धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि शहरातल्या डॉक्टरला पाठवायचा. रुग्णाला पुढे हलवायचं की नाही एवढं ठरवायला हे ठीक आहे. त्याने जीव वाचलेलेही आहेत. पण स्कॅन म्हणजे फोटो नव्हे, तो आकड्यांचा साठा आहे. त्यातला कुठला पट्टा पडद्यावर पांढऱ्या-काळ्यात पसरवायचा हे आम्ही ठरवतो, त्याला विंडो म्हणतात. मेंदूच्या विंडोत हाड निव्वळ पांढरं असतं आणि त्याला लागून पातळ थर रक्ताचा असेल, तर तोही पांढरा. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार? विंडो रुंद केली की थर सुटा होतो. हाडाच्या विंडोत बारीक तडा दिसतो. फोटोत ही सोय मेलेली असते. शिवाय शहरात पोहोचल्यावर जुना स्कॅन उघडता आला नाही म्हणून तोच स्कॅन पुन्हा होतो. त्यात पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. म्हणून सांगतो, स्कॅन झाला की फिल्मवर समाधान मानू नका. सीडी मागा, आणि ती रुग्णाच्या आधी नाही, नंतर नाही, रुग्णाबरोबरच गाडीत जाऊ द्या.

स्कॅन कुणाचा करायचा, यावरही आपल्याकडे दोन टोकं आहेत. एकीकडे दुचाकीवरून पडून दोनदा उलटी झालेल्या माणसाला घरी पाठवतात. दुसरीकडे पलंगावरून पडून रडून झोपी गेलेल्या बाळासाठी आईवडील डॉक्टरला म्हणतात, ‘एकदा सीटी करून टाका, मनाला समाधान.’ कॅनडात इयन स्टील यांच्या गटाने ३,१२१ रुग्णांवरून २००१ साली साधे नियम काढले. दोन तासांनंतरही पूर्ण भानावर न येणं, दोन किंवा जास्त उलट्या, वय पासष्ट किंवा पुढे, कवटी आत दबल्याचा संशय, डोळ्यांभोवती काळं-निळं होणं किंवा कानातून रक्त किंवा पाणी येणं, अपघाताआधीचा अर्धा तास किंवा जास्त काळ आठवत नसणं, गाडीतून फेकलं जाण्यासारखा जबर अपघात. यांतलं काहीही असलं, तर स्कॅन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हे नियम लावायचे नाहीत. त्यांचा स्कॅन करायचाच.

मुलांबाबत अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे २००९ साली आले. ४२,४१२ मुलांपैकी ३५ टक्क्यांचा सीटी झाला. महत्त्वाची दुखापत निघाली ०.९ टक्के मुलांत, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली ती साठ मुलांना. सीटीच्या एका फेरीत जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, तो निसर्गातून सात-आठ महिन्यांत मिळणाऱ्या किरणोत्सर्गाइतका. एका मुलाला त्याने फारसं बिघडत नाही. हजारो मुलांचे विनाकारण स्कॅन झाले की मात्र हिशेब बदलतो. आईवडिलांचं समाधान हे स्कॅन करण्याचं कारण नव्हे, असं म्हणायचा डॉक्टरने धीर करावा, आणि आईवडिलांनी ते ऐकून घ्यावं.

इथपर्यंत स्कॅनचं कौतुक झालं. आता त्याची मर्यादा.

सीटी एकाच प्रश्नाचं खणखणीत उत्तर देतो: आत्ता, या घडीला, सर्जनने काढावं असं काही डोक्यात आहे का? मेंदूला मार लागला आहे का, हा त्याचा प्रश्नच नाही. ऑक्सफर्डच्या सबिना स्ट्रिच यांनी १९५६ साली डोक्याला मार लागून महिनोन् महिने भानावर न आलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वरून विशेष काही नव्हतं, आत मज्जातंतूंच्या तारा जागोजागी तुटल्या होत्या. विरजलेल्या दह्याचं भांडं झटक्यात फिरवून थांबवलं, तर भांड्याला ओरखडाही येत नाही, पण दही आतल्या आत फाटतं. वेगाने आलेलं डोकं अचानक थांबताना किंवा गरकन वळताना मेंदूचं तसं होतं. या तुटलेल्या तारांबरोबर बारीक रक्ताचे ठिपकेही असतात, पण सीटीला ते बहुतांशी दिसत नाहीत. एमआरआयची काही खास चित्रं लोखंडाला संवेदनशील असतात. रक्तातलं लोखंड त्यांत काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उठून दिसतं. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सौम्य मार आणि सीटी नॉर्मल असलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष सापडला.

आणि एमआरआयही स्वच्छ, तरीही माणूस बरा नाही, असंही होतं. ऑगस्ट २०१९मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. सुरुवातीच्या चाचण्या तो उत्तीर्ण झाला, परत येऊन ९२ पर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी त्रास जाणवू लागला आणि त्याला बसवलं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कसोटी क्रिकेटमधला मेंदूला हादरा बसल्याच्या कारणाने आलेला पहिला बदली खेळाडू. मेंदूच्या अशा हादऱ्याचं निदान स्कॅनने होत नाही. प्रश्न विचारून, तोल तपासून, पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारून होतं.

हे मी इतकं लांबवून का सांगतो, तर आपल्याकडे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे तीन शब्द माणसाच्या विरोधात वापरले जातात. अपघातानंतर कारकुनाला हिशेब जुळत नाही, शिक्षिकेला वर्गाचा गलका सहन होत नाही, रिक्षावाल्याला संध्याकाळी दिव्यांचा त्रास होतो, नवरा विनाकारण चिडतो. घरचे म्हणतात, नाटक करतोय. कार्यालय म्हणतं, कामचुकार. मोटार अपघात दाव्यात समोरचा वकील विचारतो, ‘डॉक्टर, सीटी नॉर्मल होता ना?’ होता. पण त्या सीटीला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. उलट बाजूही सांगायला हवी. मज्जातंतूंच्या तारांची दिशा रंगांत दाखवणारी एमआरआयची रंगीत चित्रं अलीकडे दाव्यांमध्ये आणली जातात. अनेक रुग्णांच्या सरासरीत त्यांतून उपयोगी माहिती मिळते, पण एका माणसाबाबत निर्णायक पुरावा म्हणून ती अजून पक्की नाहीत. रंगीत चित्राने न्यायाधीश भारावू नयेत आणि काळ्या-पांढऱ्या चित्राने फसू नयेत. अशा माणसाची दोन-तीन तास नीट बसून स्मृती, लक्ष, वेग यांची तपासणी करणारे मानसतज्ज्ञ आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी जवळजवळ नाहीत. नवं यंत्र घेण्याआधी ही माणसं नेमावीत, असं मी म्हणेन.

यंत्राचं बोलायचं, तर एक आनंदाची गोष्ट मुंबईची. क्युअर डॉट एआय या कंपनीने भारतातले तीन लाखांहून अधिक डोक्याचे स्कॅन वापरून संगणकाला रक्तस्राव ओळखायला शिकवलं, आणि २०१८ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. रात्री दोन वाजता ढिगाऱ्यातला धोक्याचा स्कॅन वर काढून ठेवणं, हे असं यंत्र चांगलं करतं, आणि मला त्याचा हेवा वाटत नाही. पण स्कॅन झाला नाही तर तेही काय वाचणार? आणि मुळात डोक्याला मार लागूच नये, हे सगळ्यात बरं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवून जाणाऱ्यांच्या या शहरात मी त्यावर प्रवचन देणार नाही. कायद्यात १९८८ पासून आहे, वाचून घ्या.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आज-उद्या कुणी पडेल आणि स्कॅन नॉर्मल म्हणून घरी येईल, त्यांना एवढी विनंती. तो पहिला स्कॅन अपघातानंतर लगेच काढला असेल, तर त्यानंतरही रक्त वाढू शकतं. मेंदूतल्या ठेचलेल्या जागा पहिल्या एक-दोन दिवसांत मोठ्या होतात. म्हणून पहिली रात्र त्याला एकट्याला झोपू देऊ नका. मधून मधून उठवून नाव-गाव विचारा. दारू देऊ नका, आणि गाडी चालवू देऊ नका. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, उठवल्यावर उठेना किंवा बरळू लागला, एक बाहुली मोठी दिसली, एक हात लुळा पडला, झटका आला, तर ‘रिपोर्ट तर नॉर्मल होता’ म्हणत सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा, सीडी बरोबर घ्या आणि परत जा.